सूर्याच्या जुळलेल्या भुवया

काका, कुवेतच्या मिरकाब भागातल्या दुकानात तुमच्या शेजारच्या स्टुलावर पहिल्यांदा बसलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. रत्नागिरीत एका मुलीवरून मारामारी केली, कॉलेज अर्ध्यात सोडलं, आणि मामाने मला कुवेतला तुमच्या हाताखाली धाडलं. तुम्ही राजापूरचे पिढीजात सोनार. "डोकं गरम, हातही गरम. मेल्या, सोनं नुसतं धरलंस तरी वितळेल," असं म्हणून तुम्ही मला फक्त साफसफाई दिलीत.

मग एक दिवस तो म्हातारा इराणी व्यापारी आला आणि त्याने रुमालातून आजोबांचं मानचिन्ह साफ करायला काढलं. शेर-ओ-खुर्शीद, तो म्हणाला. चांदीचा तारा, मध्ये मिन्यावर रंगवलेला सिंह, त्याच्या पाठीमागे सूर्य. आणि सूर्याला बाईचा चेहरा! तो गेल्यावर तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत. "बघ. इराणच्या शहाने परमुलखातल्या मोठ्या माणसांसाठी हे काढलं, मग आपल्या सरदारांनाही देऊ लागला. सिंह उभा, हातात तलवार, म्हणजे लढवय्याचं. परक्याला बसलेला सिंह."

"म्हणजे आपल्याला इथे बसलेलाच मिळणार."

"तुला आधी स्टुलावर नीट बसता येऊ दे."

तुम्ही हसलात. मी मात्र हलूच शकत नव्हतो. कॉलेजात ज्या इतिहासाला जांभया दिल्या, तो माझ्या तळहातावर होता. देणारा शहा गेला, छातीवर मिरवणारा गेला, ती गादीही गेली. आणि नखाएवढ्या जागेतली ही बाई अजून टक लावून बघतेय.

तुम्ही जेवायला गेलात. मी सुई घेतली आणि तिच्या जुळलेल्या भुवयांमधला रंग खरवडून काढला.

परत येऊन तुम्ही भिंग लावलंत आणि माझ्या हातातली सुई काढून घेतलीत.

"मळ वाटला," मी म्हणालो.

"मळ नव्हे रे. तिकडे जुळलेल्या भुवयांनाच रूप म्हणत." भाजून बसवलेला रंग होता तो. पुन्हा चढणार नव्हता.

संध्याकाळी व्यापारी येतो, भिंगातून बराच वेळ पाहतो. "उस्ताद, ये मेरे दादा का सूरज नहीं है." मी तोंड उघडतो, तुम्ही टेबलाखालून माझा पाय दाबता. "मेरे हाथ से हुआ, सेठ. नज़र अब काम नहीं करती." सोनाराने गिऱ्हाइकासमोर असं बोलावं! सिंह, तलवार, शहा, सगळे त्या क्षणी माझ्या लेखी लहान झाले. तुमच्याकडे मान वर करून बघवेना.

त्यानंतर बारीक काम कुणी तुमच्याकडे आणलं नाही. मालकाने तुम्हाला गावी पाठवलं, आणि पुढच्याच वर्षी तुम्ही तिथे वारलात.

याला दहा वर्षं झाली. तुमचा मुलगा आता इथेच, कुवेतमधल्या फरवानियाला राहतो. शुक्रवारी भेटला की सांगतो, "बाबांची नजर गेली, म्हणून परतले." मी मान डोलावतो. त्याच्या हातात द्यायलाच हे पत्र तुमच्या नावाने लिहायला घेतलं. देणार नाही, हेही आता कळलं. आणि मळाचंही खोटंच होतं, काका. मला तो मळ कधीच वाटला नव्हता. रत्नागिरीच्या त्या मुलीच्या भुवया जुळलेल्या नव्हत्या. मी तिचा चेहरा करत होतो. तसा झालाही नाही.