गाडीखालचा हिरवा डाग

३ फेब्रुवारी

पावसाळ्यानंतर इथे काहीच लिहिलं नाही. आधी त्याबद्दल माफी. लिहिण्यासारखं घडलं नाही असं नाही — लिहिलं की त्याच्याकडे बघावं लागतं, म्हणून टाळलं.

सकाळी गाडीखाली डाग दिसला. तळहाताएवढा, हिरवट. बोट लावलं तर चिकट, वास गोडसर. बॉनेट उघडलं. कूलंटची टाकी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली, आणि वॉटर पंपाखालून एक थेंब लोंबतोय, पडतोय, पुन्हा लोंबतोय. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून वाचलं. पंपाचं सील गेलं की असं होतं. इंजिनमध्ये पाणी खेळवणारा तोच. तो बसला की इंजिन तापणार. 'त्वरित दुरुस्त करून घ्यावे.'

त्वरित! म्हणजे मिस्त्रीकडे.

मी बादलीभर पाणी ओतून डाग धुऊन टाकला. टाकीत बाटलीने साधं पाणी घातलं, वरच्या खुणेपर्यंत. बायको खाली आली तेव्हा हात पुसत होतो. काय करतोस, तिने विचारलं. काही नाही म्हटलं. घरोघरी जाऊन पेशंटांचे गुडघे-खांदे हलते करणं हे तिचं काम, त्यामुळे गाडी तिच्याकडे असते. ती गेली. मी बसने ऑफिसला.

४ फेब्रुवारी

डाग का धुतला? स्वच्छ लिहावं.

मिस्त्री तिच्या माहेरच्या गल्लीतला. तिच्या भावाचा दोस्त. लहानपणी ही सगळ्या पोरांवर हुकूम सोडायची, म्हणून तो तिला 'फौजदार' म्हणायचा. अजून म्हणतो, माझ्यासमोर. आणि ही हसते. मागच्या सर्व्हिसिंगला मी गॅरेजच्या बाकावर गार चहा घेऊन बसलो होतो आणि ती दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभी. तो काहीतरी म्हणाला, हिने त्याच्या दंडावर चापट मारली. बोटांना ग्रीस लागलं. घरी येईपर्यंत तिने ते पुसलं नाही.

हे माझ्या लक्षात आहे. कुठलं ग्रीस, कुठल्या बोटांना — सगळं!

त्यांच्यात काही आहे असं मला वाटतं का? नाही. शपथेवर नाही. मग काय? ती माझ्याशी बोलताना शब्द निवडून घेते, भाजी घेतल्यासारखे. तिथे निवडत नाही. जळायला एवढं पुरतं.

दुसऱ्या गॅरेजात न्यावी, तर ती विचारणार: का? घरचा माणूस सोडून दुसरीकडे का? तेव्हा रोज सकाळी पाणी. थेंब थेंब तर गळतंय. काही होत नाही.

८ फेब्रुवारी

डाग धुतला. पाणी घातलं. मी गाडी सांभाळतोय की बायको राखतोय?

११ फेब्रुवारी

नवल आहे. गळती कमी झाली. टाकी जवळजवळ भरलेली असते, मला घोटभरच घालावं लागतं. सील आपोआप बसतं का? पुस्तकात तसं काही नाही. पण आपल्याला हवं ते घडलं की पुस्तक कोण बघतो!

आई बाल्कनीतून बघत असते. आज वरून म्हणाली, "गाडीला तहान बरी लागते रे तुमच्या." मी हसलो. तिचं बाल्कनीतलं बसणं म्हणजे सीसीटीव्ही.

१४ फेब्रुवारी

माझ्या साध्या पाण्याने टाकीतलं कूलंट रोज फिकट होत चाललं होतं. आज झाकण काढलं तर आत हिरवंगार.

कुणीतरी नवं घातलंय.

डिकी उघडली. उघडायला नको होती, तिचं सामान असतं. व्यायामाच्या रबरी पट्ट्यांखाली, फडक्यात गुंडाळलेली कूलंटची अर्धी बाटली. फडक्याला ग्रीस.

म्हणजे जातेय. मला न सांगता जातेय, तो बाटल्या भरून देतोय, आणि मी खुळ्यासारखा पहाटे उठून डाग धुतोय. पंप का बदलत नाही मग? कारण पंप बदलला की जायचं निमित्त संपतं!

हे लिहिलं आणि माझीच मला किळस आली. तरी खोडत नाही.

जेवताना विचारलं, गाडी कशी चाललीय. "बरी चाललीय की," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

उद्यापासून पाणी बंद. ज्याचं त्याने बघावं.

१७ फेब्रुवारी

गॅरेजवर गेलो. निमित्त वायपरचं. वायपरला काहीही झालेलं नाही, आणि गाडीही बरोबर नव्हती — हे मिस्त्रीच्या लक्षात आलं असणार. त्याने बाकावरचं सामान सरकवून बसवलं, चहा मागवला. मग म्हणाला, "फौजदार कुठाय आमची? वर्ष झालं, फिरकली नाही. सर्व्हिसिंगपण चुकवली. रागावलीय काय?"

माझ्याकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून.

विमा कंपनीत मी दावे तपासतो. नव्याने आलेल्यांना सांगतो, न विचारता तपशील पुरवणाऱ्यावर नजर ठेवा. सर्व्हिसिंगचं मी विचारलं होतं का? नाही. किती सफाईने बोलला!

(एका पुराव्यावर दावा फेटाळू नका, हेही मीच सांगतो.)

चहा चांगला होता. त्याचाही राग आला.

१९ फेब्रुवारी

टाकी बघितली नाही. बघायची नाही.

२१ फेब्रुवारी

घडलं ते क्रमाने लिहितो.

आईला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन ती गेली होती. येताना मोठ्या चढावर काटा लाल खुणेत गेला, बॉनेटमधून वाफ निघाली, आणि गाडी मधल्या रांगेतच बंद पडली. मागून ट्रक. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून. एवढंच म्हणून.

टॅक्सीने पोचलो तर गाडी कडेला ढकललेली. आई कठड्यावर, डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा लावून, मांडीवर पर्स. बायको बॉनेटपासून लांब, हात छातीशी बांधून. पंप गेला बहुतेक, म्हणाली. माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? बरी आहेस का — हे नाही. मिस्त्रीला फोन केलास का, हे.

"तुला केला ना," म्हणाली.

गाडी तिथेच कडेला ठेवून टॅक्सीने घरी निघालो. मग आईच म्हणाली, "एवढी पाजूनसुद्धा मेली ती गाडी. सकाळी तू पाजतोस, संध्याकाळी ही पाजते. मी आपली वरून बघते. मला वाटलं, पाळ्या लावून घेतल्यात."

मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे, आणि ड्रायव्हरने आरशातून आम्हा दोघांकडे.

गळती कमी झाली नव्हती. आम्ही दोघं भरत होतो.

२२ फेब्रुवारी

आधी तीही साधं पाणीच घालायची, मग ही बाटली पेट्रोल पंपावर विकत घेतली. फडकं घरातलंच, जुन्या बनियनचं — माझ्याच. गॅरेजला ती खरंच वर्षभर गेलेली नाही.

"तिथून आलं की तू दोन दिवस तोंड पाडून बसतोस," म्हणाली. "मला तो चेहरा नको होता. म्हणून जाणंच सोडलं." दुसरीकडे न्यायचीस, म्हटलं. "नेली असती तर म्हणाला असतास, तिथे का नाही, काय लपवतेस." म्हणालो असतो. शब्दन् शब्द.

माझ्यासाठी तिने माहेरचा एक माणूस सोडला होता, आणि मला कळलंही नाही.

मग मी सांगितलं की पंधरा तारखेपासून पाणी मुद्दाम बंद केलं होतं. टाकी खालावलेली तिला दिसली होती, पण दोन दिवस पेशंट जास्त होते, आज-उद्या घालू म्हणत राहिली. मी सांगितल्यावर तिने कप खाली ठेवला. ओरडली नाही. शब्दही निवडले नाहीत.

"आई होत्या गाडीत."

आणि उठून आत गेली. अजून बाहेर आलेली नाही.

उद्या: मिस्त्रीला फोन करायचा. मी.