दोन पेट्या

३ मार्च
अखेर मधमाश्या घरी आल्या. दोन पेट्या, तोंडाला जाळी बांधून, गाडीच्या मागच्या सीटवर. ताई पुढे बसून वाटभर अंग चोरून होती. नव्या घरात आठवडा झाला नाही तोच मी हा उद्योग मांडला म्हणून तिची कुरकुर चालूच आहे. परसात स्टँडवर पेट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या, पेट्यांत खायला साखरेचा पाक. ऊन उतरल्यावर जाळ्या सोडल्या. कान लावला, तर पाणी उकळायच्या बेतात असावं तसा आवाज. फार बरं वाटलं.

६ मार्च
पेट्या उघडल्या. पोळ्याच्या आठ चौकटी सांगितल्या होत्या, निघाल्या पाच. दुसऱ्या पेटीत राणीमाशीच नाही. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे, "नवशिक्यांना राणी दिसत नसते, काका." वर हसला. माझं डोकंच फिरलं. पेट्यांजवळ उभा राहून त्याला येतील तेवढ्या शिव्या घातल्या. माश्या एकदम गप्प झाल्या.

७ मार्च
सकाळी पेट्या रिकाम्या. दुपारी सगळ्या परतल्या. संध्याकाळी कळलं, विकणारा गेला. काचा बंद असलेल्या गाडीत, घशापर्यंत माश्या. मला वाईट वाटलं नाही, खरं तेच लिहितो.

१० मार्च
शेजारच्या मास्तरांनी पेट्यांविरुद्ध अर्ज दिला. तोंडावर बोलायची धमक नाही. मी संतापलो आणि परसातला आवाज थांबला. तेव्हा कळलं. मी ज्याच्यावर चिडतो, त्याच्याकडे त्या जातात. पेट्यांच्या दारांत चिंध्या कोंबायला धावलो, तर त्या रिकाम्या. मास्तर बागेला पाणी घालत होते—

१२ मार्च
ताईला सगळं सांगितलं. तिला पटलं नाही, पण पेट्या जाळायला आली. आत एकही माशी नाही. आवाज आता घराच्या भिंतीतून येतो.

१३ मार्च
रागवायचं नाही. कुणावरच नाही. ताईला म्हटलं, तू जा इथून. ती म्हणते, "तुला असा सोडून? वेडा आहेस का?" हट्टी. लहानपणापासून हट्टी, माझं कधी म्हणून ऐकेल तर—
नाही. नाही.
भिंत गप्प.

दुपारी
ओल्या चादरीत गुंडाळलं तिला. हातांनी ओरबाडून काढल्या. माझ्यावर एकही बसली नाही. एकही.
ताई गेली.

१४ मार्च
भिंत पुन्हा गुणगुणतेय. पोट भरल्यासारखी.
तिला मी मारलं. माझ्या या जिभेनं, या नालायक, तापट डोक्यानं. थोबाड फोडावंसं वाटतं स्वतःचं—
आवाज थांबला.
नाही, मी चिडलेलो नाही, मी माझ्यावर मुळीच