खांद्यावरचं फडकं

३ मार्च, सकाळी ७
आजपासून माझ्या पाण्याच्या रिफिल स्टेशनवर स्वच्छता मोहीम. सोमवारी लॅबवाल्या बाई पाण्याचे नमुने घेणार. जंतू निघाले तर स्टेशनला सील. पंधरा वर्षांचा धंदा!
जार भरणाऱ्या मावशींवर नजर ठेवायची. आज त्यांनी नाक खाजवलं आणि त्याच हाताने जार उचलला. शी! घाम फुटला. मानेचा घाम फडक्याने टिपला आणि सगळ्या जारांची तोंडं स्वतः पुसून दिली. आपण आहोत म्हणून चाललंय.

४ मार्च
मावशींनी हात धुवायला साबण मागितला. म्हटलं, आधी मन स्वच्छ हवं. वाक्य झकास जमलं, पाटी रंगवून घेणार. साबण उद्या.

५ मार्च
मावशींनी घरून साबण आणला. मुद्दाम, मला कमीपणा आणायला. लक्ष दिलं नाही.
एका गिऱ्हाइकाच्या जारच्या तोंडाशी झुरळाची तंगडी. किती घाणेरडी असतात माणसं! फडक्याने काढली. फडकं झटकून परत खांद्यावर.

७ मार्च
फडकं धुवायचं ठरवलं होतं. पण रोज शंभर जारांच्या शुद्ध पाण्याने ते भिजतंच. वेगळं कशाला धुवायचं?
मावशींना सांगून ठेवलं, रिपोर्ट वाईट आला तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका. त्या बरं म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. सारखं काय ते!

९ मार्च
लॅबवाल्या बाईंनी नळाचं पाणी घेतलं, मावशींच्या हातांवर कापूस फिरवला. भरलेला जारही तपासा, असा आग्रह मीच धरला. देण्याआधी त्याचं तोंड नीट पुसलं. त्या फडक्याकडे बघत राहिल्या आणि त्यावरही कापूस फिरवला. कौतुक असावं.

१२ मार्च
रिपोर्ट. नळ स्वच्छ. मावशींचे हात स्वच्छ. भरलेल्या जारमध्ये शौचातले जंतू. फडक्यावर तेच, मोजण्यापलीकडे. बाईंनी फडकं चिमट्याने उचलून पिशवीत टाकलं, बाहेर येऊन सील ठोकलं. मावशी आपला साबण घेऊन गेल्या.
लॅबची चूक, दुसरं काय. घरी येऊन बायकोला तेच सांगितलं. म्हटलं, इतकी वर्षं आपल्याच स्टेशनचं पाणी पितोय, मला कधी काही झालंय?
ती म्हणाली, "तुम्ही आणता तो जार मी संडासात ओतते. पहिल्या दिवसापासून. आपण नळाचं उकळून पितो."
डोळे भरून आले. पुसायला हात खांद्यावर गेला. फडकं नव्हतं.