पायाशी झुरळ आहे

प्रिय ताई,

आधी कुठंतरी टेकून बस आणि मग पुढं वाच. मी तुझ्या नावावर खोटं बोललोय. 'ताई अंघोळीला गेलीय' छापाचं किरकोळ नाही. मी तुझ्या कॉलेजला सांगितलं की तू मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचा स्वतःचा वर्ग चालवतेस आणि तो जोरात चाललाय. तू म्हणशील, गाढवा, तुला कुणी विचारलं होतं? तर खरंच विचारलं होतं गं. तिथूनच सगळं सुरू झालं.

नोकरीसाठी तिकडं जाताना तुझं जुनं सिमकार्ड मला देऊन गेलीस ना, त्यावर फोन आला. तुमच्या कॉलेजातल्या मॅडम, नव्या असाव्यात, तुला ओळखत नव्हत्या. भाषा आणि वाचन शिकवायचं ते शिक्षण घेऊन बाहेर पडलेली पोरं आता काय करतात, याची माहिती गोळा करत होत्या. मी सवयीनं आवाज घोगरा केला आणि म्हटलं, मॅडम वर्गावर आहेत, मी त्यांचा मदतनीस. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या आपणहून बोलायला लागल्या. सकाळपासून फोन करतेय म्हणाल्या. एक जण बँकेच्या काउंटरवर बसते, एक मोबाइलची कव्हरं विकतो, एकीनं सांगितलं की घरी मूल सांभाळते आणि वर सॉरी म्हणाली. त्या मलाच विचारत होत्या, सॉरी कशाला म्हणायचं हो? फार दमलेला आवाज होता. मला तू आठवलीस, तुझ्या त्या नोकरीत दिवसभर कानाला हेडफोन लावून बसलेली. पोरांनी वाचलेलं रेकॉर्डिंग ऐकायचं, बरोबर असलं तर हिरवं बटण, चुकलं तर लाल. तो एक पोरगा, धडा संपला की रेकॉर्डिंगमध्येच विचारतो, "बरोबर आलं का?" आणि तुला उत्तर देता येत नाही, बटणच दाबता येतं. तू ते हसत हसत सांगितलंस आणि मग एकदम फोन ठेवलास. ते डोक्यात होतं, म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या मॅडम मोठ्या माणसांना शिकवतात, माणसं कामावरून थेट येतात, जागा पुरत नाही. ताई, त्यांचा आवाज असा बदलला की मला वाटलं, पलीकडून फोन दुसऱ्याच बाईनं घेतलाय. म्हणाल्या, मी बघायला येऊ? आता त्या आवाजाला नाही कसं म्हणायचं, तूच सांग.

मग माझी पळापळ. तू गावाला गेलीयस आणि तोवर मदतनीस वर्ग सांभाळतो, असं ठरवलं. वर्ग कुठं, तर बाबांच्या किल्ल्यांच्या दुकानामागच्या खोलीत, जिथं मोडकी कुलपं पडलेली असतात. विद्यार्थी म्हणून फुग्याला धरला. (तोच, ज्याला तू लहानपणी बादलीत बसवलं होतंस आणि मग बादली कापावी लागली होती.) त्यानं आपले दोन मित्र आणले. तळमजल्यावरच्या काकूंना मी म्हटलं, तुम्हाला वाचता येत नाही असं नाटक करायचंय. तर त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्यापुढं मी रोज काहीच कळत नसल्याचं नाटक करते, हे काय अवघड आहे. फुग्याला मात्र बजावावं लागलं की अडखळायचं म्हणजे तोतरं बोलायचं नाही.

राहिले बाबा. खोली त्यांची, म्हणून सांगणं भाग होतं. मी शिव्यांची तयारी ठेवून गेलो. तुझ्या शिक्षणाचा विषय निघाला की त्यांचं काय होतं ते तुला माहितीये. 'बाराखडी शिकवायला कॉलेज कशाला लागतं' हे वाक्य आपण दोघांनी मिळून हजारदा ऐकलंय. आणि तू गेल्यापासून तर तुझा विषयही निघत नाही. तू त्यांना तो मोठा मेसेज पाठवलास, निळी खूण आली, उत्तर आलं नाही. तू मला म्हणालीस, "वाचलं आणि गप्प बसले. मला जे कळायचं ते कळलं." तेव्हापासून तुझा फोन येतो तो आईच्या नाहीतर माझ्या मोबाइलवर. असो. तर मी सगळा घोटाळा सांगितला. बाबा किल्ली घासत होते. मशीन बंद केलं, किल्लीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, खोली झाडून घे. थोड्या वेळानं म्हणाले, मीपण बसतो, तेवढंच एक माणूस वाढेल. मला वाटलं म्हाताऱ्याला गंमत बघायचीय. मी खूश झालो गं. आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्या खोडीत सामील झाले होते.

मॅडम आल्या. बारीक चणीच्या, खांद्याला पिशवी, बूट धुळीनं भरलेले. बसने येऊन पुढं चालत आल्या होत्या. मी फळ्यावर तुझ्या जुन्या पुस्तकातले शब्द लिहिले आणि एकेकाला उठवलं. फुगा छान अडखळला. काकूंनी जरा जास्तच रंग भरला, एका अक्षराला कपाळावर हात मारून घेतला. बाबांची पाळी आली तेव्हा ते नुसतेच फळ्याकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, नाही येत. मी मनात म्हटलं, वा, बाबा सगळ्यांत भारी नट निघाले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, उठल्या, माझ्या हातातला खडू घेतला आणि एक शब्द न बोलता फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: तुमच्या पायाशी झुरळ आहे.

काकू किंचाळून बाकावर चढल्या. फुग्यानं दोन्ही पाय वर घेतले, त्याचे मित्र भिंतीला चिकटले. मीसुद्धा उडी मारली. झुरळबिरळ काही नव्हतं. कुणाला वाचता येतं ते एका ओळीत बाहेर पडलं आणि मॅडम हाताची घडी घालून बघत होत्या. मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात माझं बाबांकडं लक्ष गेलं.

बाबा तसेच बसले होते, पाय जमिनीवर. त्यांनी फळ्याकडं बघितलं. मग काकूंकडं, मग फुग्याच्या वर गेलेल्या पायांकडं बघितलं. आणि मग, ताई, त्यांनीही हळूच आपले पाय वर घेतले. आणि सगळं कळल्यासारखं हसले.

मला ते हसू ओळखीचं होतं. घरी पेपर आल्यावर आई मोठ्यानं वाचते आणि ते मान हलवतात, तेव्हाचं ते हसू. आपण म्हणायचो, आईला स्वतःचा आवाज फार आवडतो. लाइटबिल आलं की बाबांचा चष्मा दुकानात राहिलेला असायचा. गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांना ते रंगीत दोरे बांधतात, नावाच्या चिठ्ठ्या कधीच नाहीत. मी कितीदा हसलोय त्यावर, बाबा, हे दुकान आहे का पतंगाचं गोदाम? सगळं डोळ्यांसमोर होतं गं आपल्या. आणि तू तर तेच शिकलीस, माणसाला वाचता येत नसलं की तो ते कसं लपवतो. तुलाही आपल्या घरातलं दिसलं नाही.

मॅडमनी कुणाला लाजवलं नाही. सगळ्यांचे आभार मानले, वर्ग सुटला म्हणाल्या. मला बाहेर बोलावलं. मी मान खाली घालून तू खरं काय काम करतेस ते सांगून टाकलं, हिरवं बटण, लाल बटण सगळं. त्यांनी पेन काढलंच नाही. म्हणाल्या, तिचं उत्तर मी तिच्याकडूनच घेईन. मग दुकानाकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "बाकीच्यांचं सोंग होतं. त्या एका माणसाचं नव्हतं. आता त्याला वाऱ्यावर सोडू नकोस." हे माझे वडील आहेत, असं सांगायला माझी जीभच रेटली नाही. ज्या माणसानं जन्मभर एवढी झाकली मूठ ठेवली, त्याला मी गंमत म्हणून चारचौघांत बाकावर बसवलं होतं. मला वाटत होतं मी मॅडमना बनवतोय.

चार दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. पण नुसते किल्ल्या घासायचे, गिऱ्हाईक नसतानाही. शेवटी मीच एकदा भर दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि समोर बसलो. त्यांनी मशीन बंद केलं आणि खिशातून मोबाइल काढला. तुझा तो मेसेज उघडला. म्हणाले, रोज उघडतो. बोटानं वर सरकवतो, खाली सरकवतो, बंद करतो. पोरीनं एवढं लिहिलंय म्हणजे बरंच काहीतरी असणार. शिव्या आहेत की काय आहे, कळत नाही. मी म्हटलं, द्या, मी वाचून दाखवतो. त्यांनी मोबाइल छातीशी धरला, जसा मी हिसकावूनच घेणार होतो. "तुला नाही लिहिलं तिनं. मला लिहिलंय."

आणि मग म्हणाले की तू त्या कॉलेजात जायला निघालीस तेव्हा त्यांना वाटायचं, ही एक दिवस घरी येईल आणि मला पकडेल. म्हणून ते वाक्य. बाराखडी शिकवायला कॉलेज कशाला. एवढं बोलून त्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला.

तर आता मी त्यांना शिकवतोय. म्हणजे काय, आंधळ्याच्या हातात आंधळ्याची काठी. माझी शाळा तुला माहितीये, मी मागच्या बाकावरून थेट गेटबाहेर. तुझ्या ट्रंकेतलं पहिलीचं पुस्तक काढलं आणि सुरुवात केली. बाबा इतके भराभर पुढं गेले की मला वाटलं, मी जन्मजात मास्तर आहे. परवा माझ्याकडून चुकून दोन पानं एकदम उलटली गेली आणि बाबा बोट फिरवत मागच्याच पानावरचा धडा म्हणत राहिले. मी वाचून दाखवलेला सगळा पाठ केलेला. इतकी वर्षं त्यांनी सगळं पाठच करून तर निभावलंय. मी गुपचूप पान मागं घेतलं, पण त्यांना कळलं. पुस्तक मिटून म्हणाले, जाऊ दे, या वयात नाही व्हायचं.

मग मला तुझं एक बोलणं आठवलं. परीक्षेच्या वेळी तू घरभर बडबडत फिरायचीस की मोठ्या माणसाला पुस्तकातल्या शब्दापासून नाही, त्याला हव्या असलेल्या शब्दापासून शिकवायचं. मी विचारलं, बाबा, कुठला शब्द हवाय तुम्हाला? त्यांनी तुझं नाव सांगितलं. मी ते कागदावर लिहिलं. तो कागद घेऊन ते तुझ्या मेसेजमध्ये ओळ न् ओळ शोधत बसले. एवढा चिवट माणूस मी बघितला नाही. अगदी खाली, शेवटी, जिथं तू सही करतेस तसं नाव लिहिलंयस, तिथं त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "बरोबर आलं का?"

ताई, मला हो म्हणता आलं नाही. नुसती मान हलवली, तुझ्या त्या हिरव्या बटणासारखी.

म्हणून हे कागदावर लिहितोय. फोन केला असता तर तू रडली असतीस आणि पुढच्या मिनिटाला त्यांना फोन लावला असतास. तू समजलीस तसं ते नाही. ते वाचून गप्प राहिले नाहीत, त्यांना वाचताच आलं नाही. नावापुढं मला काही जमत नाहीये आणि त्यांचा धीर फार टिकेल असं वाटत नाही. सुट्टी काढ आणि ये. पण शिकवायला आल्यासारखी येऊ नकोस, त्यांना कळेल. सरळ दुकानात शिर आणि म्हण, बाबा, माझी घराची किल्ली हरवली, नवी करून द्या. पुढचं तुला येतं, त्याचंच शिक्षण घेतलंयस. आणि तुझ्या पाया पडतो, यातलं एक अक्षर कुणाला सांगू नकोस. फुग्याला नको, काकूंना तर नकोच नको. आईला माहीत असणारच, पण मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. आणि मी तुला लिहिलं हे बाबांना या जन्मात कळता कामा नये. वाचून झालं की फाडून टाक. कुणाला सांगणार नाहीस ना? नको गं सांगूस.

तुझाच,
उपद्व्याप्या