किनारा, डोंगर, वाळवंट आणि डिओलिंडा

१२ मार्च, सकाळ
आजपासून टीव्हीवरचं हवामान बंद. अंदाज सांगणारी ती पोरगी एक दिवसही बोटीवर राहिलेली नाही. मी ट्यूनाच्या बोटींवर उमेदीची वर्षं काढली. नाक वर केलं की वारा कळतो.
वसंताचा माझा अंदाज: किनाऱ्यावर मार्चअखेर लख्ख ऊन. डोंगरात बर्फ संपला. वाळवंटात एप्रिलपासून माणूस राहू शकणार नाही इतकं तापेल. निष्कर्ष: माझी बायको डिओलिंडा महिनाअखेर घरी.
ती जानेवारीत वाळवंटात बोरेगोला गेली, बहिणीच्या, झुल्मिराच्या ट्रेलरमध्ये. गुडघ्यांसाठी. इथली, पॉइंट लोमाची दमट हवा सोसत नाही तिला. शिलाईचं मशीन नेलं, कारण दमट हवेत मशीन गंजतं. भिंतीवरचे सेंट अँथनीसुद्धा नेले. लाकडी आहेत. लाकूड फुगतं.

१९ मार्च
फोन केला. इथे हवा कोरडी होत चालली आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, इकडे वाळवंटभर फुलं आली आहेत, झुल्मिरा आणि मी रोज बघायला जातो. मी म्हटलं, पंधरवड्यात वाळतील. ती म्हणाली, वाळू देत.
सूर चांगला होता.

२७ मार्च
मळभ. शेजारी आर्ट कुंपणावरून म्हणाला, काय वेधशाळा, ऊन कुठे अडकलंय? म्हटलं, दुपारपर्यंत निवळेल. निवळलं नाही.
आर्ट माझ्याबरोबर बोटीवर होता. तेव्हाही असाच.
दमटपणा शोषणारं यंत्र आणलं. बेडरूममध्ये लावलं. बोटीच्या इंजिनासारखं घरघरतं, पण टाकी भरते. एवढं पाणी ती श्वासातून घेत होती! तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, झुल्मिरा हाक मारतेय, ठेवते. भारावली असावी.

४ एप्रिल
तिला आणायला निघालो. तिला कळवलं नाही, आश्चर्याचा धक्का.
डोंगरात ज्युलियन गावाच्या अलीकडे बर्फ. चाकांना साखळ्या नव्हत्या. अंदाजात बर्फ नव्हताच, साखळ्या कशाला घेऊ? पोलिसाने काच खाली करायला लावली आणि म्हणाला, आजोबा, फिरवा गाडी. त्याला म्हटलं, हा बर्फ नियमाप्रमाणे नाही. तो म्हणाला, मग बर्फाला सांगा.
परतताना तिच्यासाठी ॲपल पाय घेतला. टिकला नसता, म्हणून गाडीतच खाल्ला.

१५ एप्रिल
फोन. डोंगर मोकळा झाला की येतो, तोवर तू बांधाबांध कर म्हटलं. ती म्हणाली, गिल, मी हवेमुळे नाही रे आले इकडे.
तिकडे वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नाही. पुन्हा विचारायला हवं होतं. पण वारा फार होता.

३ मे
सूर्य दिसून आठवडा झाला असेल. आभाळ ओल्या फडक्यासारखं. यंत्राची टाकी ओतून ओतून कंबर धरली आहे. तिची केल भाजीची रोपं याच पाण्यावर जगवत होतो. पिवळी पडली.
चर्चच्या उत्सवाच्या, फेस्टाच्या कमिटीच्या बाईंचा फोन: सोपाश सूपच्या पातेल्यांचं यंदा कोण बघणार? मी म्हटलं, म्हणजे काय, दरवर्षी कोण बघतं? डिओलिंडाच. त्या म्हणाल्या, नक्की ना गिल? पाऊण गल्ली जेवायला असते. म्हटलं, शब्द देतो.
शब्द दिला की माणूस येतोच.

१० मे
दुसरी मोहीम. डोंगर व्यवस्थित ओलांडला. पलीकडे उतरलो तर वाळूचं वादळ. पंपावर गाडी लावली आणि फोन केला. झुल्मिराने उचलला. म्हणाली, कुठे आहेस? सांगितलं. ती म्हणाली, अरे तिथून इथे पोचायला कितीसा वेळ लागतो? ये की, वारा आहे, वाघ नाही. म्हटलं, समोरचं दिसत नाही. ती म्हणाली, माझ्या खिडकीतून तर सगळं दिसतंय.
तिची नजर आधीपासूनच अधू.
पंपावर बसून राहिलो. मग वारा पडला. पण तोवर उशीर झाला होता. तसा फार नाही. परत आलो.

१७ मे
आर्ट सूपचं भांडं घेऊन आला. हवामानाबद्दल अवाक्षर नाही. बसला, बूट बघत राहिला. जाताना म्हणाला, गिल, काही लागलं तर सांग हं. त्याचे विनोद संपलेले दिसतात. वय झालं त्याचं.

२२ मे
गेलो.
निघताना किनाऱ्यावर ऊन होतं. डोंगरात झाडाचं पान हलत नव्हतं. वाळवंटात उकाडाही बेताचा. वाटेत दोनदा थांबून आभाळ पाहिलं. कुठे काही नव्हतं.
ट्रेलरच्या दारावर पाटी: कपडे अल्टर करून मिळतील. डिओलिंडा कुणाची तरी पँट आखूड करत होती. केस कापले आहेत. मला बघून दचकली नाही. कॉफी दिली, लिंग्विसा सॉसेज परतून अंडी दिली. झुल्मिरा बाहेर जाऊन बसली.
मी म्हटलं, घर कोरडं केलंय. ती म्हणाली, गुडघे माझे बरे आहेत, गिल. कधीच फार वाईट नव्हते. मग पँट बाजूला ठेवली. म्हणाली, नोव्हेंबरात मी तुला सांगितलं, डॉक्टरांच्या हाताला माझ्या छातीत गाठ लागली आहे. आठवतं, तू काय म्हणालास? मला आठवेना. ती म्हणाली, तू खिडकीबाहेर बघून म्हणालास, दमट हवेने येतात अशा गाठी. आणि धुकं किती वाजता उठेल ते सांगितलंस.
ती म्हणाली, मी बस पकडून एकटी गेले तपासायला. गाठ साधी निघाली. रिपोर्ट फ्रिजवर लावला होता. तू त्याच्यावर भरती-ओहोटीचा तक्ता लावलास.
मी विचारलं, मग फेस्टाला? ती म्हणाली, नाही. रागाने नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं, राग निवळतो.
उठताना तिने माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण लावून दिलं. अंगावरच. मी श्वास रोखून उभा होतो.

२४ मे, संध्याकाळ
फेस्टा. सकाळीच हॉलवर जाऊन कमिटीच्या बाईंना सांगितलं की डिओलिंडा येणार नाही. त्यांनी विचारलं, आजारी आहे का? तिकडची हवा, असं म्हणायला तोंड उघडलं. मग म्हटलं, नाही, ती येणार नाही म्हणाली. बाईंनी माझ्या हातात सुरी दिली. पावाचे तुकडे करत बसलो. सोपाशमध्ये पुदिना कमी पडला, असं सगळे म्हणाले. फेस्टाची राणी झालेली, डोक्यावर मुकुट घेतलेली मुलगी मिरवणुकीत समोरून गेली तेव्हा आर्टने माझा कोट ओढून मला उभं केलं. ऊन होतं वाटतं.
घरी येऊन बोरेगोला फोन लावला. झुल्मिराने उचलला. म्हटलं, आज हवेचं काही नाही. विचारायचं होतं, गाठ कुठल्या बाजूला होती. दुखत होतं का. झुल्मिरा म्हणाली, ते तिलाच विचार, बाहेर झाडांना पाणी घालतेय, हाक मारते. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग दार. मग दोघींचं बोलणं, लांबून, शब्द कळत नव्हते. मी थांबलो. बोलणं थांबलं. पावलं आली, जवळ आली, टेबलापाशी उभी राहिली. मी हॅलो म्हटलं.
मग कुणीतरी फोन ठेवला. हळूच ठेवला. कुणी ते कळलं नाही.