नाकाला विश्रांती

३ मार्च
साबणाच्या कारखान्यात वास तपासायला लागले, तेव्हा मोठे साहेब म्हणाले होते, बाई, तुमचं नाक आहे तोवर आपल्याला यंत्राची गरज नाही. पुढे यंत्र आलं, पण मी रिटायर झाल्यावर. म्हणजे त्यांचं बोलणं खरंच ठरलं.
आज लेक आली ती दारातच थांबली. म्हणाली, आई, दूध नासलंय, तुला वास नाही आला? सांगितलं, हल्लीच्या दुधाला वासच नसतो.

५ मार्च
नव्या साबणाला वास नाही. कॉफीला नाही. फिनेललाही नाही. सगळ्या कंपन्यांनी एकदमच काटकसर सुरू केलेली दिसते. तक्रार करायची. उद्या.

७ मार्च
लेकीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. पोरगेलासा आहे. डोळे मिटायला लावून बाटल्या हुंगवल्या. मी धडाधड ओळखल्या. एकीला चंदन म्हटलं, तर म्हणे तिच्यात पाणी होतं. दर्जेदार असणार.
म्हणाला, आजी, वयाने असं होतं. जेवण नकोसं होतं, मनही उतरतं. तुमचं मन कसं आहे? म्हटलं, उत्तम, काही वाटतच नाही. त्याने ते लिहून घेतलं. चांगलं असलं तरी लिहून घेतात वाटतं.
येताना लेक म्हणाली, एकतर गॅस काढू, नाहीतर माझ्याकडे राहायला चल. मी म्हटलं, माझं घर, माझी शेगडी. विषय संपला.

८ मार्च
कारण सापडलं. नाक थकलंय. कारखान्यात एका शिफ्टमध्ये फार नमुने झाले की असंच व्हायचं. मग स्वतःच्या कोपराच्या खळगीत नाक खुपसायचं. आपल्या वासाने नाक पुन्हा जाग्यावर येतं. तेवढ्याने भागलं नाही, तर विश्रांती. इथे तर अख्ख्या नोकरीचा थकवा आहे. दोन्ही नाकपुड्यांत कापूस, आठवडाभर. संकल्प पक्का.

९ मार्च
घसा कोरडा. शेजारीण म्हणाली, अहो काढा तो कापूस, कुणी बघितलं तर खांदा द्यायला धावतील. तिला शास्त्र कळत नाही.

१५ मार्च
सकाळी कापूस काढला. नाक ताजंतवानं. पहिल्याच दिवशी भार नको म्हणून काही हुंगलं नाही.

१६ मार्च
काल संध्याकाळी किरकोळ प्रकार. दूध उतू जाऊन ज्योत विझली, गॅस सुरूच राहिला. मी शेजारीच शब्दकोडं सोडवत होते. शेजारीण धावत आली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, लेकीला फोन केला. ती आल्यावर सांगितलं, कापसामुळे कळलं नाही. ती म्हणाली, कापूस कचऱ्याच्या डब्यात आहे, आई.
ओरडली नाही. स्वयंपाकघरात खालीच बसली. सिलिंडरची कळ पुन्हा पुन्हा बंद करून पाहत होती. मलाही भीती वाटायला हवी होती. थोडा वेळ वाट पाहिली. नाही वाटली.

१७ मार्च
जावई शेगडी घेऊन गेले. मी दार उघडं धरलं. जेवण आता लेक पाठवणार.
सगळे गेल्यावर कोपरात नाक खुपसलं. मग दुसऱ्या कोपरात. काही नाही. ब्लाउजच्या बाहीत, उशीत. तिथेही नाही. फिनेलवाल्यांची काटकसर समजू शकते.

१९ मार्च
दोनदा आंघोळ केली. झाली असं वाटत नाही, म्हणून तिसऱ्यांदा.

२१ मार्च
लेक डबा घेऊन आली. हल्ली खिडकीशीच बसते. वारा बरा लागतो म्हणाली. आज वारा नव्हता.
उद्या तिला सांगणार आहे, इकडे ये, माझ्या मानेशी नाक आण आणि नमुना हुंगतात तशी मला हुंग. घाण येत असेल तर तोंडावर सांग, लाजू नकोस. रोज सांग. ती म्हणेल, आई, काहीतरीच काय. आणि डबा घासायला उठेल.
तरी विचारते.