राजेसाहेबांच्या नावाचं कुलूप

४ मार्च, मंगळवार

आज मोठं काम केलं! तेही जेवणाच्या सुट्टीत, बांधकामाच्या परांचीवर पाय सोडून बसल्या बसल्या. मेल आला — ताईच्या दुकानाचं इंटरनेटवरचं नाव आज संपतंय, लगेच पासवर्ड टाका, नाहीतर जाईल. टाकला! नाव वाचलं!

ताई जुन्या शिलाई मशिनी दुरुस्त करून विकते. सगळी गिऱ्हाइकं त्या नावावरूनच येतात. ते मी घेतलेलं, इथं लांब कामाला आल्यावरच्या पहिल्या पगारातून. जगात माझ्या नावावर तेवढंच आहे.

ताईला फोन केला. "बरं केलंस," म्हणाली. मागे खडखड चालू होती.

६ मार्च

मेलो! ज्या कंपनीकडून नाव घेतलं तिचा मेल — तुमचं नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवायची मागणी आलीय. तुमची नसेल तर पाच दिवसांत कळवा, नाहीतर हलेल. माझी कशी असेल!

खोलीतल्या वेल्डरला दाखवलं. दोन्ही मेल वाचून तो हसायलाच लागला. "अरे शहाण्या, परवाचा मेल कंपनीचा नव्हताच. चोरानं किल्ली मागितली, तू हातात दिलीस. वर चहा पाजलास का?"

पासवर्ड तिथल्या तिथे बदलला, पण मागणी तर जाऊन बसलेली! म्हणजे ताईच्या पाटीखाली चोर बसणार. तिच्याच मशिनींचे फोटो दाखवून लोकांकडून ॲडव्हान्स उकळणार. शिव्या खाणार ताई.

वेल्डर म्हणाला, "आता मेलमधलं एकही बटण दाबायचं नाही. थेट फोन कर."

७ मार्च

केला. आपल्या भाषेत बोलणारी बाई मिळाली! म्हणाली, थांबवता येईल, पण मालकानं सांगायला हवं. म्हटलं, मीच की मालक!

"नोंदीतलं पूर्ण नाव सांगा."

आणि आठवलं. नाव घेताना एक रकाना होता — मालक. मला कोण कधी मालक म्हणणार! हात शिवशिवले. लिहून टाकलं — राजेसाहेब.

बाईला तेच सांगितलं. "बरं, राजेसाहेब, ओळखपत्र पाठवता का?"

कुठून पाठवू! राजेसाहेब अजून जन्मालाच यायचेत!

मग म्हणाली, उद्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून खात्री करू. नंबर ताईच्या दुकानाचा. जमलं!! ताईला पढवलं — विचारलं तर म्हण, राजेसाहेब आमचे मालक, बाहेरगावी असतात.

"मालक? इथं मान मोडून स्क्रू मी पिळते, आणि मालक कोण म्हणालास?"

"ताई, एकदाच गं."

"बघते."

८ मार्च

मुकादम दोनदा ओरडला. लक्षच नव्हतं. शेवटी ताईचा फोन!

"म्हणालीस ना, मालक?"

"नाही. खरं ते सांगितलं. राजेसाहेब बिजेसाहेब कोणी नाही. माझा धाकटा भाऊ आहे, लांब परांच्या बांधतो. उतावळा आहे, लबाड नाही."

डोकं धरून खाली बसलो. संपलं सगळं!

"अरे ऐक तरी! बाई हसली. तुझं-माझं ओळखपत्र आणि तू पैसे भरल्याची बँकेची नोंद पाठवा म्हणाली. तोवर थांबवलंय."

थांबवलंय!! मी असा ओरडलो की खालून मुकादमानं तिसऱ्यांदा आई काढली.

१० मार्च

जिंकलो! मागणी फेटाळली! नावाला कुलूप घातलं — आता मालकानं उघडल्याशिवाय ते जागचं हलणार नाही. आत शिरायला नुसता पासवर्डही पुरत नाही, मोबाईलवर आकडा येतो, तोही लागतो. आपट म्हणावं डोकं! वेल्डरला उचलून खोलीभर फिरवला. "सोड रे, पाठ जाईल तुझी!"

एकच राहिलं. खोटं नाव चालायचं नाही, मालकाचं खरं नाव उद्यापर्यंत द्या.

माझं पूर्ण नाव लिहून पाहिलं. बापाच्या नावासकट. छान दिसतं.

११ मार्च

मालकाच्या रकान्यात ताईचं नाव दिलं. आकडाही तिच्याच मोबाईलवर. नवा पासवर्ड ती सांगायला लागली — मी म्हटलं, नको, मला नको सांगूस.